पडद्यावरचा कापूस

माझ्या थोरल्या बहिणीच्या डोळ्यात काहीतरी बिघडलं आहे, हे सगळ्यांत आधी ओळखलं एका रंगाऱ्याने. नंतर ते चष्म्याच्या दुकानदाराने ओळखलं, शेजारणींनी ओळखलं, मामांनी ओळखलं आणि शेवटी डॉक्टरांनीही ओळखलं. फरक इतकाच, की रंगारी आणि डॉक्टर सोडून बाकी सगळ्यांनी ते अगदी खात्रीने ओळखलं.

तिला आम्ही अक्का म्हणायचो. ती जाऊन आता वर्ष होत आलं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींच्या एका कारखान्यात ती वीस वर्षं होती. माग तिने कधी चालवला नाही. तिचं काम बघण्याचं. रंगवून आलेलं सूत नमुन्याच्या कार्डाशी जुळतं की नाही ते बघायचं आणि 'पास' किंवा 'परत' एवढंच म्हणायचं. लग्न मोडून घरी आल्यापासून घरात तिच्या म्हणण्याला फारसं वजन नव्हतं. तिथे मात्र तिच्या एका 'परत'ने रंगाचं खातं दिवसभर थांबायचं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. माझंही काम बघण्याचंच, पण माझ्या बघण्याने कुणाचं काही थांबत नाही.

त्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर लाल काठाच्या टॉवेलांचं काम आलं होतं. टोपी-टॉवेलाच्या आहेरातला टॉवेल कुणालाच नको असतो, पण त्याचा काठ लाल नसला तर पाहुणे रुसतात. अक्काने एका दिवसात तीन वेळा लाल सूत परत पाठवलं. चौथ्या वेळी रंगखात्याचे मास्तर स्वतः लडी घेऊन आले. घरात तेलुगू बोलणारे, तीन पिढ्यांचे रंगारी. नखं कायम निळी.

"अक्का, माझ्याशी काही भांडण आहे का?"

"तुमच्याशी न्हाई मास्तर, तुमच्या लालशी. हा लाल हाय का? विटकरी हाय."

मास्तर वाद घालत बसले नाहीत. त्यांच्या घरात एक जुनी रीत होती. रंगावरून दोघांचं जमेना की उत्तरेच्या खिडकीपाशी जाऊन एकेक डोळा झाकून बघायचं. कारण दोन डोळे मिळून माणसाला फसवतात, असं त्यांचे वडील म्हणत.

"उजवा झाका. काय दिसतं?"

"सांगितलं की. विटकरी."

"आता डावा झाका."

अक्काने डावा डोळा झाकला. लडी लालभडक होती. तिने पुन्हा उजवा झाकला. तीच लडी शंभर वेळा धुतल्यासारखी विटलेली.

मास्तरांनी लडी गुंडाळली. "सूत पास, अक्का," ते म्हणाले. "डोळा परत."

ही हकिकत तिने जेवताना हसत हसत सांगितली. डोळा इकडेतिकडे फिरवला की आत मागच्या बाजूला ठणकतं, हे मात्र तिने हसत सांगितलं नाही. ते मला दोन दिवसांनी विचारल्यावर कळलं. बघण्याचं काम करणाऱ्या बाईचा डोळाच गेला तर तिच्याजवळ काय राहतं, याचा हिशोब आम्ही दोघांनी मनात केला आणि एकमेकांना सांगितला नाही. आमच्या घराची ती पद्धतच आहे.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरी नेत्रविद्येची परिषद भरली. दुकानदाराने नवा चष्मा दिला. शेजारणींनी मोबाइलला दोष दिला. अक्काचा फोन बटणांचा होता, पण त्याने निदान बदललं नाही. आईने मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. दृष्ट आणि दृष्टी यांत एका वेलांटीचा फरक आहे, आणि आईने त्या वेलांटीला कधी जुमानलं नाही. मग मामा आले. मामा उजनीच्या काठाला केळी पिकवतात. धरणाच्या पाण्यातली मोटर त्यांना उघडून दुरुस्त करता येते, त्यामुळे माणसाचं शरीरही येतं. त्यांनी अक्काची पापणी ओढून आत पाहिलं आणि म्हणाले, "कायबी न्हाय. पित्त हाय." केळ्यांचा घड ठेवून ते गेले.

अक्काला घेऊन मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो तो या सगळ्यानंतर. आईही आली. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी अक्काच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर बॅटरी फिरवली, मग थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि बराच वेळ आत पाहिलं. पाहून झाल्यावर त्यांनी जे प्रश्न विचारले ते डोळ्याचे नव्हते. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? तोंड सारखं येतं का? उन्हात गेलं की गालांवर लाली येते का? केस गळतात का?

अक्का सगळ्याला हो म्हणाली. दोन वर्षं हे सगळं चाललं होतं. पण प्रत्येकाला तिच्याकडे वेगळं कारण होतं. बोटं लड्या उलगडून आखडत होती, तोंड उष्णतेने येत होतं, गाल एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या उन्हाने आणि केस वयाने. सगळ्याला मिळून एकच कारण असेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"बाई," आई न राहवून म्हणाली, "डोळा दाखवाय आलोय आमी. बोटं न् केस कशाला इचारताय?"

डॉक्टर हसल्या. "आजी, आपल्या शरीरात राखणदार असतात. बाहेरून रोग आला की त्याला मारायचं, हे त्यांचं काम. ताईंच्या शरीरात त्यांनी घरच्यांनाच शत्रू धरलंय. आधी सांधे, मग कातडी, आता डोळ्याची नस. आपलेच आपल्यांना मारतायत."

"म्हंजे भावकी म्हणा की," आई म्हणाली.

"हां. भावकीच," डॉक्टर म्हणाल्या.

आईने समाधानाने मान हलवली. गावाकडच्या एका बांधावरून आमच्या घरात तीन पिढ्या हा रोग मुरलेला होता; तिला नव्याने काही शिकायचं नव्हतं. मी तोपर्यंत ग्रंथालयातली तीन जाड पुस्तकं चाळून गेलो होतो आणि त्यांतला एकही शब्द आईच्या शब्दाइतका नेमका नव्हता.

इथवर सगळं ठीक होतं. पण आजी इतक्या हुशार निघाल्याने डॉक्टरांना हुरूप आला आणि त्यांनी कागदावर डोळ्याचं चित्र काढलं. "ही मागची नस, हिला सूज आहे. म्हणून लाल रंग फिका दिसतो. आणि हा आतला पडदा. त्यावर इथे, इथे आणि इथे कापसाचे पुंजके दिसतायत." मग त्यांनी नीट समजावलं, की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, रक्त न पोचल्याने तिथले नसांचे धागे सुजतात आणि ते डाग पांढरे, कापसासारखे दिसतात; तो काही खरा कापूस नव्हे. हे त्या बोलल्या, मी शपथेवर सांगतो. पण सोलापुरात 'कापूस' हा शब्द उच्चारला की पुढचं वाक्य कुणाला ऐकू येत नाही.

अक्का दवाखान्यात राहिली. तीन दिवस सलाइनमधून औषध गेलं. नंतर गोळ्या, त्या पायरीपायरीने कमी करायच्या, एकदम सोडायच्या नाहीत. शिवाय दुसरी एक गोळी, जी राखणदारांना शांत ठेवते, पण क्वचित डोळ्याच्या पडद्यालाच बाधते, म्हणून ती घेताना डोळे तपासत राहायचे. "राखणदारावर राखणदार," आई म्हणाली.

हळूहळू लाल परत आला. अक्का उजवा डोळा हाताने झाकून घरभर हिंडायची आणि एकेक लाल वस्तू तपासायची. कुंकू पास झालं. शेंगाचटणी पास झाली. गॅसचा सिलिंडर आधी परत गेला होता, तो पुढच्या आठवड्यात पास झाला. त्या दिवशी तिने मास्तरांना फोन करून सांगितलं, आणि मास्तरांनी म्हणे खात्यात पेढे वाटले.

गोळ्यांनी तिचा चेहरा मात्र गोल झाला. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "तब्येत सुधारली की गं!" अक्का आरशात बघणं टाळायला लागली. ती गोळ्यांना कंटाळली होती. तसं बोलून दाखवत नव्हती, पण गोळी गिळताना ती भिंतीकडे तोंड करायची.

आणि तिकडे कापूस पसरत होता. अक्काच्या डोळ्यात कापूस निघाला, ही बातमी आईकडून शेजारी, शेजारून कारखान्यात आणि कारखान्यातून मालकांच्या कानावर गेली. आपल्या मागांवरची कापसाची तूस उडून बाईचा डोळा जातो म्हटल्यावर मालक घाबरले. त्यांनी सगळ्या कामगारांना काळे गॉगल वाटले. महिनाभर त्या कारखान्यात माणसं कपाळावर गॉगल चढवून माग चालवत होती.

मामा पुन्हा आले तेव्हा त्यांचा पित्ताचा पक्ष त्यांनी स्वतःच सोडलेला होता. "कापूस हाय न्हवं? मग गोळीनं कापूस इरघळतोय व्हय? त्यो काढाय पायजे." मी म्हणालो, "मामा, तो कापूस नाही. कापसासारखे डाग आहेत." मामा माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "तू पुस्तकातला माणूस. डॉक्टरनं काय म्हटलं? कापूस म्हटलं का न्हाई?" म्हटलं होतं. खोटं कसं बोलू?

कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका खेड्यात डोळ्यातला कचरा काढून देणारे एक गृहस्थ होते. कुणाच्या डोळ्यातलं ज्वारीचं कुसळ काढलेलं, कुणाचा खडा. मामांनी अमावास्या बघितली, कुणाची तरी गाडी आणली, आणि आम्ही चौघं निघालो.

गृहस्थ मोठे प्रेमळ होते. त्यांनी आधी चौकशी केली, "काय हाय डोळ्यात?" मामा म्हणाले, "कापूस." गृहस्थांनी मान हलवली. काय काढायचं ते आधीच विचारून घेणारा वैद्य मी पहिल्यांदाच बघत होतो, पण माझ्याशिवाय कुणाला त्यात नवल वाटलं नाही. मला त्यांनी पाण्याची वाटी धरायला दिली. मी धरली. ग्रंथालयशास्त्राची पदवी आणि हातात वाटी.

ओल्या फडक्याचं टोक अक्काच्या पापणीला लावून ते पुटपुटत राहिले, "कण्णु तेरी, कण्णु तेरी," म्हणजे डोळा उघड. मग एकदम ओरडले, "हत्ती बंतु! हत्ती बंतु!"

मामा दचकून दोन पावलं मागे सरले. "हत्ती? डोळ्यात हत्ती?"

"मामा," अक्का एका डोळ्याला फडकं लावलेल्या अवस्थेत म्हणाली, "कानडीत हत्ती म्हंजे कापूस, बंतु म्हंजे आला. आमच्या खात्यातल्या बाया म्हणत्यात."

"असं व्हय." मामांना हायसं वाटलं. हत्तीपेक्षा कापूस पुष्कळच पटण्यासारखा होता.

फडक्यावर खरोखरच शेंगदाण्याएवढा पांढरा पुंजका होता. तो अक्काच्या तळहातावर ठेवला गेला. तिने तो दोन बोटांत धरून जरासा फिरवला आणि आईकडे पाहिलं. आई रडत होती, हसत होती, त्या गृहस्थांच्या पाया पडत होती. अक्का म्हणाली, "निघाला गं आई."

पथ्य साधं होतं. एकवीस दिवस वांगं नाही आणि इंग्रजी गोळी नाही. दवाखान्याचा कागद माझ्या खिशात होता. त्यावर डॉक्टरांनी मराठीत लिहून खाली रेघ मारली होती, की गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. गाडीत बसताना मी म्हणालो, "डॉक्टरांनी लिहिलंय, की..." मी ते ग्रंथालयातल्या आवाजात म्हणालो. मामा म्हणाले, "डॉक्टरला कापूस दिसला. काढता आला का?" मी कागदाची पुन्हा घडी घातली. वादात आपण हरलो, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. वाद मी घातलाच नव्हता.

गोळ्यांचं पाकीट आईने धान्याच्या कोठीवर ठेवलं. अक्काचा हात तिथे सहज पोचत होता. माझाही.

दहाव्या-बाराव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, अंगातलं बळ गेलं, बोटं लाकडासारखी झाली. मामा फोनवर म्हणाले, पथ्य लागू पडतंय. मग एके सकाळी अक्काने चहाचा कप जिथे नव्हता तिथे हात नेला. डाव्या डोळ्याने काळोख, आणि उजव्यासमोर धुकं. त्याच तासाला आम्ही दवाखान्यात होतो.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं. आम्ही तिघंही भिंतीवरचा तक्ता बघत राहिलो. वर मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणारी अक्षरं. मला शेवटच्या ओळीपर्यंत स्पष्ट दिसत होती.

उजवा डोळा त्यांनी वाचवला. डावा गेला. नस पांढरी पडली, असं डॉक्टर म्हणाल्या. आता कोणतंही औषध तिला रंग देणार नाही. त्या डोळ्याने अक्काला पुढे फक्त तोंडासमोर हात हलतोय एवढं कळायचं.

सलाइन चालू असताना आई घरी गेली होती. अक्का उशीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "तो कापूस सावरीचा होता."

"कोणता?"

"डोळ्यातला. सावरीचा, उशीत भरत्यात तो. बोटात फिरवला की कळलं. त्याला पीळच बसत न्हाई, सुटून जातो. आमच्या कारखान्यात असला कापूस दारातसुद्धा येणार न्हाई."

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"आईचं तोंड बघितलं न्हाईस का तवा?" ती म्हणाली. "आणि मला वाटलं, सावरीचा तर सावरीचा. कुणाच्या का उशीतला असंना, निघाला तर. गोळ्या नकोशा झाल्या होत्या रे." ती माझ्याकडे वळली, आता बघायचं तर तिला पूर्ण मान वळवावी लागत होती. "पण तुझ्या खिशात कागद होता की. मला वाटलं, तू बोलशील."

"मला वाटलं, तुझा विश्वास बसलाय. तुझं मन कशाला मोडायचं?"

"बघ," ती म्हणाली. "आणि म्हणं घरात शिकलेलं माणूस हाय." आणि ती हसायला लागली. सलाइनची नळी हलायला लागली तशी नर्सने येऊन मला बाहेर काढलं.

ती परत कामावर गेली. मास्तरांनी तिचं टेबल खिडकीच्या दुसऱ्या अंगाला हलवलं, म्हणजे उजेड उजवीकडून यावा. गोळ्या तिने नंतर एकही चुकवली नाही. चार वर्षं तिने एका डोळ्याने सोलापूरचे लाल काठ पास केले आणि परतही केले. उलट ती आता जास्त कडक झाली आहे, अशी रंगखात्याची तक्रार होती. मग भावकी मूत्रपिंडापर्यंत पोचली. त्या वेळी आम्ही काहीच चुकवलं नाही, सगळं वेळेवर केलं, आणि तरी ती गेली. या रोगात तसंही होतं. आधी एकदा चुकलेल्या माणसाला, या वेळी तरी चुकलो नाही म्हणून हे पचवणं सोपं जातं, असं लोकांना वाटतं. उलट आहे. जिथे चुकलो नाही तिथेही मी चूक शोधत बसतो.

लोक भेटायला येत राहिले. कापूस डोळ्यातून खाली उतरला, असं दोघांनी मला समजावून सांगितलं. मामा आले आणि या वेळी काही न ओळखता गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर रागावणं सोडलं.

गेल्या महिन्यात आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "दुसऱ्या अमावशेला न्यायला पायजे हुती तिला. एका बारीला सगळा कापूस निघाला नसंल. माझीच चूक झाली."

वर्षभर ती हे मनात धरून होती, हे मला तेव्हा कळलं. आणि मग मी बोललो. हळूहळू, पण पूर्ण बोललो. कापूस कधी नव्हताच, ते डाग होते. फडक्यावरचा पुंजका सावरीचा होता. डोळा कापूस राहिल्याने गेला नाही, गोळ्या थांबल्याने गेला. आईचा हात सुपात तसाच थांबला.

"तिला ठावं हुतं?"

"हो. तिथंच कळलं होतं तिला."

"आन् तुला?"

"सावरीचं नव्हतं माहीत. गोळ्यांचं माहीत होतं."

"आन् दोगंबी गप बसलासा."

"तुझं मन राखायला, आई."

मला वाटलं होतं, ती रडेल. ती संतापली. "माझं मन राखा म्हणून मी आलते का तुमच्याकडं? मी अडाणी बाई. मला कापूस सांगितला, मी कापूस धरला. तुमी दोगं तर डोळस हुतासा. एकानं जरी म्हटलं असतं, आई, हे खोटं हाय, तर मी ऐकलं नसतं व्हय?"

ऐकलं असतंस का, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी तो विचारला नाही. तिचं मन राखलं.